कुंडीतल्या लिंबावरची अळी

२० सप्टेंबर १९५६
कुंडीतल्या लिंबाच्या पानांवर चिमण्यांची घाण! ओलं फडकं घेऊन चार पानं लख्ख पुसली. पाचव्याला हात घालणार तोच शेजारचे दौलतसिंह कुंपणावरून ओरडले — "अरे बाबूजी, बीट नहीं है, इल्ली है! तितली बनेगी!" घाण कसली, फुलपाखराच्या अळ्या! चार जीव मारले मी, तेही स्वच्छतेच्या नावाखाली. एक वाचली.

२२ सप्टेंबर
बदलीचा हुकूम आला. एक नोव्हेंबरपासून नवं राज्य, आमचं खातं भोपाळला. हे क्वार्टरही सोडायचं. बायकोचा, दुर्गाचा, जन्म इथलाच, ग्वाल्हेरचा. रडेल. मला तिच्या रडण्याची भीती वाटते. खरं तर तिचीच वाटते! हुकूम कोटाच्या आतल्या खिशात.

२८ सप्टेंबर
अळीनं कात टाकली. हिरवीगार, मानेवर खोटे डोळे. काडीनं डिवचलं तर डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं काढून असा वास सोडला की मागे सरताना माझा पाय बादलीत! साहेबांपुढे मला असं काही काढता आलं असतं तर.
दुर्गाला आज सांगणारच होतो. अळीचंच बोलत बसलो.

५ ऑक्टोबर
कमरेभोवती धागा बांधून अळी फांदीला टेकली, कोष झाला. ठरवलं — फुलपाखरू निघालं की सांगायचं. भेकडपणाला मुहूर्त काढण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

९ ऑक्टोबर
कोष जैसे थे. मीही.

१५ ऑक्टोबर
सकाळी कोष चिरला. ओलं, चुरगळलेलं ध्यान बाहेर येऊन तासभर पंख वाळवत बसलं. काळ्यावर पिवळसर ठिपके, मागच्या पंखांना एकेक लाल डाग. उडालं! मी हुकूम दुर्गापुढे ठेवला.
तिनं उचललाही नाही. "कोट धुवायला मीच टाकते ना? केव्हाच वाचलाय." मग वेणी घालता घालता — "नया बाजारातल्या मुलींच्या शाळेत गणित शिकवतेय मी. दोन आठवडे झाले. मुख्याध्यापिका उषाताईंच्या माडीवर खोली आहे, तिथे राहीन. भोपाळला मी नाही यायची."
मी अळीनं खाल्लेली पानं मोजत होतो, आणि माझ्यामागून रोज बायको घराला कुलूप लावून शाळेत जात होती. निरीक्षक कसला, ठोंब्या! फार लाज वाटली.

१६ ऑक्टोबर
राजीनामा देऊन आलो. दुर्गाला विचारलं, त्या खोलीत माझ्यापुरती जागा होईल का?
"विचार करून सांगते," म्हणाली.