आज आवतन घ्या

२७ ऑगस्ट २०२४, मंगळवार

पोचलो एकदाचा. राजापेठेतल्या क्लासात तीन वर्षं पोलीस भरतीचा अभ्यास करून कंटाळलेला मी, मनोज, आज इटलीच्या एका बेटावर पंचावन्न मीटर लांबीच्या शिडाच्या सुपरयॉटवर खलाशी म्हणून चढलो. बोटीचं नाव 'ऑरेलिया'. आमच्या गल्लीतली सहा घरं हिच्यावर मावतील आणि भांडायला जागा उरेल. मालक अजून दिसला नाही, पण त्याच्या बुटांची खोली आमच्या स्वयंपाकघरापेक्षा मोठी आहे. नोकरी गोपालभाऊनं लावली. अकोल्याचा माझा मावसभाऊ, अकरा वर्षं अशाच बोटींवर आहे. निघताना मावशीनं माझा हात धरून बजावलं होतं, की त्याला दोन लहान पोरी आहेत, त्याच्यावर लक्ष ठेव. मी त्याच्यावर काय लक्ष ठेवणार? विमानतळावर त्यानंच मला दोनदा शोधून आणलं.

२९ ऑगस्ट, गुरुवार

सोमवारपासून रेगाटा, म्हणजे शिडाच्या बोटींची शर्यत. आपल्याकडचा बैलांचा शंकरपटच, फक्त धूळ नाही आणि शिव्या इंग्रजीत. आमचं काम विंचवर. विंच म्हणजे शिडाचा दोर गुंडाळून ओढणारं पोलादी पिंप, कमरेएवढं, विजेवर फिरणारं. मागच्या डेकवर एक उजवीकडे, एक डावीकडे. उजव्यावर मी आणि क्रोएशियाचा लुका, डाव्यावर भाऊ. दोराला वीस टनांचा ताण असतो. फिरत्या विंचजवळ बोटं न्यायची नाहीत, हा भाऊनं शिकवलेला पहिला नियम. दुसरा नियमही तोच आहे म्हणाला.

मी दोघांना नावं दिली. उजवा मोत्या, डावा शंकर. बाबांची शेवटची बैलजोडी. ट्रॅक्टर आला तेव्हा विकली. त्या दिवशी मी जेवलो नव्हतो.

१ सप्टेंबर, रविवार

उद्या पोळा. आज घरोघरी बैलांचे खांदे तूप-हळदीनं शेकत असतील. आमच्या गोठ्यात आता फक्त डिझेलचा वास. मन फार उदास झालं. आईनं सामानात हळद कोंबली होती, भाऊकडे अकोल्याचं तूप होतं. संध्याकाळी डेकवर कुणी नव्हतं. तूप कोमट करून हळद कालवली आणि दोन्ही विंचांना चांगली चोळली. मग बाबा बैलांच्या कानाशी वाकून म्हणायचे तसंच म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." हे पोळ्याचं निमंत्रण. दुसऱ्या दिवशी घरातली पहिली पुरणपोळी बैलांची.

भाऊ हसून बेजार. "लोखंडाले आवतन देतेत का बे?"

हाताखाली पोलाद उबदार लागलं. दिवसभर उन्हात होतं म्हणून असेल. फार दिवसांनी बरं वाटलं.

२ सप्टेंबर, सोमवार

पहिली शर्यत. पहाटेपासून धावपळ, पुरणपोळी राहूनच गेली. आवतन देऊन साफ विसरलो.

ऐन जेवणाच्या वेळी मोत्याजवळ लुका किंचाळला. दोराच्या वेढ्यात त्याची दोन बोटं गेली होती. बटण कुणीच दाबलेलं नव्हतं, मी शपथेवर सांगतो. कापली नाहीत, पिळून मुळासकट उपटली. एक पांढरी शीर हातातून लोंबत होती. बर्फाचं भांडं घेऊन मी बोटं शोधत डेकवर रांगलो. सापडली नाहीत. डेक रक्तानं भरला होता, पण पिंप स्वच्छ होतं. चाटल्यासारखं.

भाऊ म्हणतो, दोर सरकला असेल.

३ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी स्वयंपाक्याच्या हातापाया पडून पोळ्या केल्या. पुरण नव्हतं, साखर भरली. दोघांपुढे ठेवल्या. तशाच राहिल्या. कच्ची कोंबडी ठेवली. तीही तशीच.

आईला फोन केला. ती आधी हसली, मग मी लुकाच्या बोटांचं सांगितलं. तेव्हा म्हणाली, "आवतन तुनं देल्लं ना बापू? मंग वाढनंबी तुलेच लागन." ज्यानं माणूस चाखला तो पोळीला तोंड लावायचा नाही, असंही म्हणाली. आणि रडायला लागली.

दुपारी शर्यतीत मोत्यानं माझा हातमोजा ओढला, आणि सोडला. घरच्या माणसाला बैल हुंगून सोडतो तसा.

उद्यापासून लुकाच्या जागी भाऊ. कप्तानाचा हुकूम.

४ सप्टेंबर, सकाळ

भाऊला सगळं सांगितलं. नको जाऊ म्हटलं, पाय धरले. तो म्हणाला, झोप कमी झाली तुझी. कप्तानाकडे गेलो. पुन्हा बोललास तर घरी पाठवीन, असं म्हणाला. शर्यत अकराला — जेवणाची वेळ समुद्रातच येणार —

४ सप्टेंबर, दुपार

डाव्या हातानं लिहितो. अक्षर लागत नाही —

मोत्या आपोआप फिरला. भाऊच्या मनगटाला वेढा. मग कोपर. सालटी सोलत गेली, रक्त माझ्या तोंडावर — कप्तानानं वीज तोडली. तरी फिरतच होता. भाऊ नुसता माझ्याकडे बघत होता.

मी उजवा हात पुढे केला. "घे मोत्या, जेव."

भाऊचा हात सुटला. माझा गेला. मनगटापर्यंत. हाडांचा आवाज — कडबा चावताना येतो तो —

मग थांबला. तृप्त.

खाली केबिनमध्ये निजवलंय. दंडाला पट्टा आवळलाय. बंदर तासभर लांब. वारा वाढला, शिडं उतरवायची आहेत, माणसं कमी. भाऊ हाताला फडकं गुंडाळून वर गेला. मोत्या बंद पडला, म्हणून डाव्या —

शंकर.

आवतन जोडीला दिलं होतं. शंकर दोन दिवस उपाशी आहे —

वर घरघर. बटण न दाबता फिरतो तेव्हाची. आता ओळखतो मी.

भाऊ हाक मारतोय. मावशी, त्याच्यावर लक्ष —

सात पायऱ्या आहेत. चढतो. एक हात आहे अजून. हाच, ज्यानं लिहि