दोन लिंबांची सायकल

प्रति,
मा. भीमसेनराव,
चिटणीस, वसतिगृह समिती,
मराठी भगिनी निवास, बेंगळुरू

विषय : माझी विजेची सायकल पुन्हा 'सायकल' या सदरात घेण्याबाबत.
संदर्भ : आपली ३ ऑक्टोबरची नोटीस.

महोदय,

आयुधपूजेच्या सकाळी निवासाच्या आवारात नऊ स्कूटर, दोन साध्या सायकली आणि माझी एक विजेची सायकल उभी होती. आपल्या रिवाजाप्रमाणे गाडीच्या चाकांखाली दोन लिंबे ठेवतात, सायकलीला नुसते हळदकुंकू. वॉर्डन कावेरीअक्कांनी तबक घेऊन मला विचारले, "ही सायकल की गाडी गं?"

'सायकल' एवढे म्हटले असते तर भागले असते. परंतु मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. आहे. मी म्हणाले, "थांबा अक्का, मोजून सांगते."

नियम असा की मोटार २५० वॅटपेक्षा कमी, बॅटरी सोडून वजन साठ किलोपर्यंत आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असला, व तसे चाचणी प्रमाणपत्र असले, तर ते मोटार वाहन ठरत नाही. परवाना, नोंदणी काही लागत नाही. मी पेडल न मारता फाटकापासून कोपऱ्यापर्यंत गेले. वेग आला २५.४. तो मी सर्वांसमक्ष मोठ्याने वाचून दाखवला. "सरी, ठीक, मग गाडी," म्हणत अक्कांनी लिंबे ठेवली. रस्ता उतरता आहे आणि वेग दोन्ही दिशांनी मोजायचा असतो, हे मला लिंबे चिरडल्यावर आठवले.

त्यानंतर आपली नोटीस आली : परवान्याची प्रत द्या, अन्यथा गाडी आवाराबाहेर. मी प्रमाणपत्र दाखवले, तेव्हा आपण म्हणालात, "कंपनी काहीही लिहील. तू स्वतः मोजलंस ना?"

परवाना माझ्यापाशी नाही. चाचणी दोनदा दिली. आठाच्या आकड्यात फिरताना मी वळणाची त्रिज्या मनात काढत राहिले आणि दोन्ही वेळा पाय टेकला. निरीक्षक म्हणाले, "मॅडम, तुम्ही सायकल घ्या." म्हणून ही घेतली.

इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या प्रयोगशाळेत पहिली नोंद सकाळी सातला घ्यावी लागते. तेवढ्या लवकर आपल्याकडून बस नाही. सायकल सध्या महादेवपुऱ्यात मैत्रिणीकडे आहे. म्हणजे ती एका टोकाला, मी दुसऱ्या. आणखी एकदा उशीर झाल्यास काम दुसऱ्याला देऊ, असे प्रमुखांनी बजावले आहे.

काल ती तेवढ्यापुरती आणून मागच्या सपाट रस्त्यावर फेरमोजणी केली. मी बसू लागताच अक्का म्हणाल्या, "स्वल्प बाजूला हो. तुझं मोजणं बघितलं," आणि पदर खोचून स्वतःच निघाल्या. परत आल्यावर त्या आणखी एक फेरी मारून आल्या. ती मोजणीत धरलेली नाही.

तरी सायकल आवारात ठेवू द्यावी, ही विनंती. साक्ष अक्कांची धरावी, माझी धरू नये.

तूर्त पायी चालणारी,
सुप्रीता नागनाथ लाड
खोली क्र. १४
९ ऑक्टोबर २०२५

सोबत :
१) चाचणी प्रमाणपत्राची प्रत.
२) कावेरीअक्कांच्या सहीची फेरमोजणी : जाताना ताशी २४.३ किलोमीटर, येताना २४.१.