आजी करंजाड्याला आहे

डंडी, स्कॉटलंड
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

चि. शौनक यास,
अनेक आशीर्वाद.

मी इकडे बरी आहे. तू कसा आहेस ते तू कळवणार नाहीस, तेव्हा तूही बरा असशील असं धरून पुढे लिहिते. फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, मेल उघडतोस की नाही माहीत नाही. म्हणून कागद. पुण्याला तुझ्या होस्टेलच्या पत्त्यावर पाठवतेय.

इथे दुपारी चारलाच अंधार पडायला लागतो. खोली लहान आहे पण खिडकीतून नदी दिसते. वर्गात सगळी तुझ्यापेक्षा जेमतेम चार-पाच वर्षांनी मोठी मुलं. पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले तर एक मुलगा उठून उभाच राहिला, त्याला वाटलं शिकवणारी बाई आली. आता सवय झालीय. माझ्या नोट्स ते मागून नेतात, मी त्यांच्याकडून कम्प्युटरवरचं काही शिकून घेते. आठवड्यातून एक दिवस हॉस्पिटलच्या वॉर्डात जायचं असतं, म्हाताऱ्या माणसांना पुन्हा चालतं करायला. लग्नाआधी दोन वर्षं फिजिओथेरपी केली होती, ती हातातून गेलेली नाही एवढं कळलं.

गावाचं नाव ऐकून तू किती हसला होतास! "आई, लोक कॉलेजला दांडी मारतात, तू तर डंडीलाच चाललीस." हा विनोद मी इथे कोणालाही समजावून सांगू शकत नाही.

जेवणाचं बरं चाललंय. तांदूळ मिळतो, कोकम मी नेलं होतं. थंडी फार आहे.

झालं, विचारपूस संपली. दोन वेळा पत्र सुरू केलं आणि इथपर्यंत येऊन फाडलं. आज पुढे लिहिणार आहे.

मी निघाले त्या दिवसापासून सांगते, कारण तू तिथे नव्हतास. तुझं सबमिशन होतं. बाबांची ऐरोलीच्या ऑफिसात मीटिंग होती, परदेशातले लोक येणार होते म्हणे. खालच्या मजल्यावरच्या राजलक्ष्मी मावशींनी गाडी काढली आणि मला विमानतळावर सोडलं. निघताना आजी लिफ्टपर्यंत आली. वॉकर घरात ठेवून, भिंतीला हात लावत लावत. मी ओरडले, तर म्हणाली, "बघून घे. चालतेय ना मी? मग जा आता, मागे बघू नकोस." सगुणा तिच्या मागे हात पसरून उभी, ही पडली तर धरायला.

सगुणाला मी दिवसभरासाठी ठेवली होती, तुला आठवत असेल. सकाळी बाबा निघायच्या आत यायचं, संध्याकाळी ते आल्यावर जायचं. औषधं, व्यायाम, सगळं तिला महिनाभर शिकवलं होतं. मी आजीला वाऱ्यावर सोडून आले नाही, शौनक.

विमानतळावर पासपोर्टवर शिक्का मारणाऱ्या माणसाने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बेटे के पास जा रही हैं?" मी म्हटलं, "नाही, शिकायला चाललेय." त्याने पुन्हा एकदा फोटो आणि मी ताडून पाहिलं. आजूबाजूला तुझ्याएवढी मुलं, त्यांच्यामागे अख्खी खानदानं, हार काय, फोटो काय. एका बाईंनी तर त्यांची मुलगीच माझ्या हवाली केली. "ताई, तुम्ही त्याच फ्लाइटला ना? आमची जाई पहिल्यांदाच एकटी चाललीय, जरा बघा हं." मीही पहिल्यांदाच एकटी चालले होते. मी जाईला बघितलं. ती निम्मा प्रवास माझ्या खांद्यावर रडली, आणि मधे विमान बदलताना डोळे पुसून मला विचारते, "काकू, तुम्हाला सोडायला कोणीच नाही आलं?" मी म्हटलं, "आमच्याकडे सगळे कामात असतात."

आता तुझा मेसेज. तो मला पाठ आहे. "तू तुझं करिअर कर. आजीला तू घराबाहेर काढलंस. मला फोन करू नकोस." आजी वृद्धाश्रमात गेली हे तुला बाबांनी सांगितलं, आणि का गेली तेही त्यांनीच सांगितलं. तू मला एका शब्दाने विचारलं नाहीस.

मला ते सगुणाकडून कळलं. मी इथे येऊन पुरते तीन आठवडेही झाले नव्हते. तिने तिच्या मुलाच्या मोबाइलवरून फोन लावला. "ताई, साहेबांनी मना उद्यापासून येव नको सांगितलं. आजींना गारीत बसवून नेलं. करंजाड्याला कुठंतरी ठेवणार हाय म्हनं. आजी माझा हात सोरत नव्हत्या, ताई." ती रडत होती आणि मला वाटलं, हिचं काहीतरी ऐकण्यात चुकलंय.

बाबांना फोन केला. ते शांत होते. म्हणाले, "मी ऑफिस सांभाळू का आई? कामवालीच्या भरवशावर किती दिवस ठेवणार? तू गेलीस सुनीती. दुसरा काही मार्ग ठेवलास का?"

मी त्यांचं खरं मानलं. अठ्ठावीस वर्षांत एक सवय लागते बघ, घरात काही मोडलं की आधी आपला हात कुठे होता ते बघायचं. मी कॉलेजात जाऊन सांगितलं की मी परत जाते. इथल्या बाई म्हणाल्या, एक आठवडा थांब, मग ठरव. मी तिकिटं बघत होते. तुझा मेसेज त्याच आठवड्यातला.

निघायच्या आधी म्हटलं, त्या आश्रमात फोन करून सांगावं की आजीला चालता येतं, तिला बसवून ठेवू नका. तिथे गोजराताई म्हणून बघणाऱ्या आहेत, सरळ बाई. मी नाव सांगितल्यावर म्हणाल्या, "हां हां, जुईनगरच्या आजी. तुम्ही त्यांच्या सूनबाई होय? सर बोलले होते तुमचं." मी विचारलं, कधी बोलले? तर म्हणाल्या, "ते काय, गुढीपाडव्याच्या सुमारास खोली बघायला आले होते ना, तेव्हाच. मिसेस सप्टेंबरमध्ये फॉरेनला जाणारेत, मग आणतो म्हणाले. खालच्या मजल्यावरची खोली ठेवा म्हणाले, ती मोकळी होणारच होती."

हे इथे मला थांबून लिहावं लागतंय.

पाडव्याला मी कुठेही जाणार नव्हते, शौनक. ॲडमिशन फेब्रुवारीत मिळाली होती आणि मी घरात नाही म्हणून मोकळी झाले होते, कॉलेजला कळवायचं तेवढं राहिलं होतं. आजीचं खुब्याचं हाड मोडून वर्षही झालं नव्हतं, तिला सोडून कसली जाते? तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू म्हणालास, "ग्रेट चान्स घालवतेयस." मी हसले होते. मग मे महिन्यात एका रविवारी बाबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "तू जा. आईचं मी बघतो. तू आमच्यासाठी खूप केलंस."

त्या दिवशी मी बाथरूमचा नळ सोडून रडले होते. लग्न झाल्यापासून या माणसाने मला 'तू काहीतरी कर' असं पहिल्यांदा म्हटलं होतं. राजलक्ष्मी मावशींना जाऊन सांगितलं, "आमचे हे बदलले हो." त्यांनी मिठाई आणली. मी तुलाही फोन केला होता, तू म्हणालास, "बाबा रॉक्स." मला आत्ता हे लिहिताना लाज वाटते. बदलले म्हणून नव्हे, खोली ठरवून आले होते म्हणून ते तसं बोलले.

आजीचं खोकणं त्यांना सहन होत नव्हतं, हे तूही पाहिलंयस. ऑफिसातून आले की तिच्या खोलीचं दार ओढून घ्यायचे. तिने हाक मारली की मला सांगायचे, "बघ काय म्हणतेय." ते मी समजू शकते. माणूस थकतं. सरळ म्हणाले असते तर आपण भांडलो असतो, रडलो असतो, काहीतरी ठरवलं असतं. पण त्यांना आईही घरात नको होती आणि आईला घराबाहेर काढणारा मुलगाही व्हायचं नव्हतं. त्यासाठी मी विमानात बसणं गरजेचं होतं.

मी तिकीट काढलं नाही. त्यांना फोन लावला.

"तुम्ही पाडव्यालाच खोली बघून आला होतात?"

"कोण म्हणालं?"

"तिथल्या ताई."

"मग? त्याने काय फरक पडतो? तुला जायचं होतं, गेलीस. आईला तिथे माणसं आहेत, डॉक्टर येतो. सगळ्यांचंच चांगलं झालं."

"तर मग शौनकला सांगा तसं."

"त्याला कशाला मधे आणतेस?"

"तो माझ्याशी बोलत नाही."

तर म्हणाले, अगदी समजुतीच्या आवाजात, "हे बघ, तू लांब आहेस. तो तुझ्यावर रागावला तर तुझं काय बिघडतंय? मला त्याच्यासोबत राहायचंय."

मी फोन ठेवला. त्यानंतर आमचं बोलणं घरातल्या कामापुरतंच होतं.

हे तुला तेव्हाच सांगितलं असतं. आजीने अडवलं. रविवारी गोजराताई त्यांचा मोबाइल तिच्यापुढे धरतात. पहिल्यांदा दिसली ती चाकाच्या खुर्चीत. मी विचारलं, खुर्ची कशाला? म्हणाली, "पडले तर त्यांच्यावर येतं ना गं, म्हणून बसवतात." पाय सुजलेले. मी बोलायला तोंड उघडलं तशी म्हणाली, "मला सगळं ठाऊक आहे. मे महिन्यात नंदू पहिल्यांदा माझ्याजवळ येऊन बसला, पाय दाबून दिले, तेव्हाच समजले. तू कोणाला काही बोलू नकोस. शौनकला तर नाहीच नाही. पोराचं बापावरचं मन उडालं की मग ते जमत नाही पुन्हा."

तिला कळलं होतं, शौनक. लिफ्टपाशी भिंत धरून मला चालून दाखवलं, तेव्हा तिला माहीत होतं आपल्याला कुठे नेणार आहेत. आणि मला म्हणाली, जा.

मी तिचं ऐकलं. गप्प बसले. म्हटलं, दिवाळीत तू घरी जाशील, आजीला भेटशील, तिच्या तोंडून काहीतरी निघेल, नाहीतर तिचा चेहरा बघून तुलाच कळेल. तू हुशार आहेस.

दिवाळी झाली. मी गोजराताईंना विचारलं, "नातू येऊन गेला असेल ना?" त्या म्हणाल्या, "नातू? नाही हो. सर लक्ष्मीपूजनाला फराळाचा डबा देऊन गेले गेटवरून. बाकी कोणी नाही."

तेव्हा ठरवलं की लिहायचं.

आजीसाठी तू आईशी बोलणं सोडलंस. मोठा त्याग केलास. पण पुण्याहून घरी येताना तुझी बस कळंबोलीला थांबते, तिथून करंजाडं रिक्षाच्या अंतरावर आहे, आणि तू दिवाळीला येताना उतरला नाहीस, जाताना उतरला नाहीस. आठवडाभर जुईनगरला होतास, तेव्हाही नाही. तुझा राग आजीसाठी होता तर तो तिच्यापर्यंत एकदाही कसा पोचला नाही? मला वाटतं तुलाही, तुझ्या बाबांसारखंच, कोणावर तरी घालून मोकळं व्हायचं होतं. हे वाचून तुला राग येईल. येऊ दे. मी तुझी आई आहे, तुला दुसरं कोणी हे सांगणार नाही.

माझं काय ते सांगते. मी शिक्षण अर्धवट टाकून येणार नाही. दर रविवारी गोजराताईंना फोनवरून व्यायाम दाखवते, त्या आजीकडून करून घेतात. त्यांनाही दोन म्हाताऱ्यांसाठी तेच उपयोगी पडलं. या आठवड्यात आजी खुर्चीतून उठून खोलीच्या दारापर्यंत गेली. कोर्स संपला की मी येईन, पण जुईनगरच्या घरात नाही, हे बाबांना कळवलं आहे. करंजाड्याला नव्या बिल्डिंगा झाल्यात, तिथे भाड्याने घर घेईन आणि आजीला माझ्याकडे आणेन. तोवर ती राहिली पाहिजे, एवढीच भीती आहे. त्या भीतीने मी इथे रोज उठते.

बाबांशी भांड असं मी म्हणत नाही. पत्र त्यांना दाखव किंवा नको दाखवूस. माझ्यावर राग ठेवायचा असेल तरी ठेव, पण आता सगळं माहीत असून ठेव.

आज फोनवर आजीने विचारलं, "शौनक कसा आहे गं? बारीक झालाय का?" मी सांगितलं, "अभ्यास खूप आहे, पण महिनाअखेरीला तुमच्याकडे येतो म्हणालाय." ती एवढी खूश झाली की गोजराताईंना म्हणाली, माझं ते निळं लुगडं काढून ठेवा.

हे खोटं मी एकदा बोलले. दुसऱ्यांदा बोलायला जमणार नाही.

तुझी आई,
सुनीती