धुताना फुटलेली काच

४ जून

चि. धांदरट हिस,

अनेक आशीर्वाद. तू गेल्यापासून मी स्वतःच्या हाताने केलेला माल असा: गोल बुडाचे फ्लास्क तीस, त्यांतले बारा दोन तोंडांचे. सरळ कंडेन्सर चौदा. नागमोडी नळीचे सहा, आणि या सहांत प्रत्येक वेटोळ्याचं अंतर सारखं, पट्टी लावून बघ. ठिबक फनेल आठ. शिवाय एक प्राध्यापक कागदावर कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी काढून घेऊन आले होते. बाजारात सगळ्यांनी हात वर केले म्हणाले. तेही करून दिलं.

मुख्य गोष्ट पुढे आहे. यातला एकही नग फुटला नाही. तू घरात होतीस तेव्हा धुताना दर आठवड्याला दोन-तीन तरी तुझ्या हातून सटकायचे, आणि मी कपाळावर हात मारून घ्यायचो. तुझ्या आईला म्हटलं, मोरी तीच, साबण तोच, फक्त मुलगी गेली आणि बरकत आली. ती कपड्यांच्या घड्या करत राहिली.

शेवटची तपासणी तू करायचीस, ती आता मीच करतो. काच घाईने थंड झाली की तिच्या अंगात ताण राहतो, वरून कळत नाही, आणि पुढे कधीतरी उकळताना ती तडकते. त्यासाठीच मी ती दोन काळ्या काचांची पेटी बनवली. मध्ये नग धरायचा, पांढरी रेघ चमकली की बाद. तू गेल्यापासून मला एकही रेघ दिसलेली नाही. हात बसला म्हणतात तो असा.

दोन ठिकाणांहून नकार आला म्हणून तोंड पाडून बसू नकोस. ज्यांना पदवीधर हवा आणि अनुभवही पाच वर्षांचा हवा, त्यांनी पाळण्यातून उमेदवार उचलावेत. आता त्या प्रयोगशाळेचं सामान पुरवणाऱ्या कंपनीची मुलाखत. आपला माल व्यापाऱ्यामार्फत तिथेच जातो, हे तुला ठाऊक आहे. पण कुणाची मुलगी ते तिथे सांगायचं नाही. वशिल्याची खुर्ची कुरकुरते. मी आठवीनंतर शाळा पाहिली नाही, जे आलं ते भट्टीपुढे हात पोळून आलं. तू तुझ्या अकलेवर मिळव.

आत्याला त्रास देऊ नकोस. आईचे व माझे आशीर्वाद पाठीशी आहेत हे धरून चालावे.

तुझा,
बाबा

१५ जून

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. नोकरी मिळाली. कंपनीच्या तपासणी विभागात, सोमवारपासून. हे वाक्य आधी लिहिलं, कारण तुम्ही पत्राचा शेवट आधी वाचता.

आत्याला आनंद झाला. तिने मला तिची चांगली चप्पल दिली, एक नंबर मोठी आहे. गेले दीड महिने मी तिच्या बैठकीत झोपून तिच्या पंख्याचा आवाज पाठ केला. एका ठिकाणी मला विचारलं की टंकलेखन येतं का, दुसऱ्या ठिकाणी विचारलं की लग्न कधी करणार. रसायनाबद्दल कुणीच विचारत नव्हतं.

इथे विचारलं. टेबलावर दहा नग ठेवले आणि साहेब म्हणाले की यातले कोणते परत पाठवाल. मी चार बाजूला काढले. सविस्तर पुढे लिहीन.

बाबा, एक ऐकाल का? डोळे दाखवून या. आत्या सांगत होती, मागच्या वेळी ती आपल्या दारात उभी होती आणि तुम्ही तिला शेजारच्या वहिनी समजून आत बसवलंत, आणि तिच्यासमोरच तिच्या नवऱ्याच्या कंजूषपणाची गोष्ट सांगितलीत. ती हसून सांगत होती, मला हसू आलं नाही.

आईस नमस्कार. माझ्यावरची माया कमी होऊ देऊ नये.

आपली,
धांदरट

२० जून

चि. धांदरट हिस,

अनेक आशीर्वाद. पत्र तीनदा वाचलं. तुझ्या आईने निम्म्या गल्लीला सांगितलं, उरलेल्या निम्म्याला मी. स्वतः घडलेल्या माणसाची मुलगी स्वतःच्या बळावर लागली, याहून मला काही नको.

पण तुझं लिहिणं अर्धवट आहे. चार काढले म्हणजे कोणते चार? दोष कुठे, मानेशी की बुडाला? बनावट कुणाची? हे का नाही लिहिलंस? माणसाने सांगावं तर नीट सांगावं. एवढं मात्र मी इथे बसून सांगतो, ज्याने ते चार केले त्याने भट्टी बंद करून भाजीची गाडी लावावी. मुलं त्यात आम्ल उकळतात. असल्या कारागिरांमुळे आमच्यासारख्यांचं नाव जातं.

डोळ्यांचं म्हणशील तर आत्याने भलत्या उजेडात उभं राहू नये. आणि तिच्या नवऱ्याची गोष्ट खरी आहे, तिलाही ठाऊक आहे.

पुढचा खोका व्यापाऱ्याकडे रवाना केला. तुझ्या टेबलावर आला तर डोळे मिटून पास कर, वेळ वाचेल. गंमत केली. नीट बघ.

लोभ आहे तो आहेच, मागायला नको.

तुझा,
बाबा

२८ जून

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. हे पत्र मी चारदा सुरू केलं.

ते चार नग आपले होते.

हात लावायच्या आधी मला कळलं होतं. मानेचं वळण तुमचंच, दुसऱ्या कुणाचं तसं येत नाही. त्यांच्या पेटीत धरले तर चारही नगांत रेघ होती, एकात बुडापासून तोंडापर्यंत. साहेबांनी हे दहा मुद्दाम निवडले होते. महिन्यापूर्वी एका कॉलेजात फ्लास्क उकळताना तडकला आणि एका मुलीचा हात भाजला. बरा होतो आहे, पण दोन बोटं अजून मिटत नाहीत. तो फ्लास्क याच गठ्ठ्यातला. म्हणून तर त्यांनी हा विभाग सुरू केला आणि माणूस शोधला.

मी चार बाजूला काढल्यावर साहेबांनी विचारलं की बनावट ओळखता का. तुम्ही सांगू नकोस म्हणाला होतात. त्या मुलीचा हात माझ्या डोळ्यांपुढे होता. मी म्हणाले, "ओळखते. माझ्या वडिलांची आहे. परत पाठवा."

साहेबांनी ते चार नग बाजूच्या खोक्यात ठेवले. मग त्यांनी रुजू व्हायची तारीख सांगितली.

तुम्ही पाठवलेला पुढचा खोका काल आला. मीच तपासला, दुसऱ्याच्या हातात दिला नाही. निम्म्याहून जास्त परत येत आहेत. ते दारात येण्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळावं म्हणून हे लिहिलं.

रागावलात तरी चालेल, पण मला लिहा.

आपली,
धांदरट

५ जुलै

चि. मुलीस,

आशीर्वाद. खोका पोचला. सगळे नग मी पुन्हा पेटीत पाहिले. मला रेघ दिसली नाही. तुमची पेटी कुठल्या कारखान्याची आहे आणि तिच्या काचा कोणी बसवल्या, ते कळव.

त्या कॉलेजातल्या मुलीच्या हाताचं लिहिलंस, ते वाचलं. हात कोणता, उजवा की डावा, लिहिलं नाहीस.

इकडे ठीक. जास्त लिहिण्यासारखं नाही.

बाबा

१३ जुलै

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. उजवा.

आईचं पत्र आलं. डॉक्टर म्हणाले की मोतीबिंदू नाही, मागचा पडदाच गेलेला आहे, चिरफाड करून उपयोग नाही, हे तिने लिहिलं. तुम्ही लिहिलं नाहीत. व्यापाऱ्याने माल घ्यायचं थांबवलं तेही तिनेच लिहिलं. तुम्ही तरीही रोज सकाळी भट्टी पेटवता, आणि काय करता ते ती बघत नाही म्हणाली.

मला या टेबलाशी बसवत नाही. प्रत्येक नगाची मान आधी बघते, तुमची नसली की सुटल्यासारखं होतं. नोकरी सोडून घरी यावं असं रोज वाटतं. तिथे आपण पूर्वीसारखं करू.

ते होणार नसेल तर दुसरा मार्ग निघाला आहे. मी साहेबांकडे गेले आणि नको तेवढी रडले. ते मनाने चांगले आहेत. कामानिमित्त तिकडे येणार आहेत, तेव्हा तुम्हाला भेटतील आणि एक व्यवस्था सांगतील. तिच्यात तुमचं काम चालू राहील, पहिल्यासारखं. तुम्ही चिकित्सा करू नका, उलट प्रश्न विचारू नका. आयुष्यात एकदा फक्त बरं म्हणा. माझ्यासाठी.

आपल्या मनात माझी जागा आहे तशी राहू द्यावी, एवढंच मागते.

आपली,
मुलगी

२६ जुलै

चि. तपासनीस बाई हिस,

अनेक आशीर्वाद. सगळं क्रमाने लिहितो.

खोका परत आला त्या आठवड्यात मी तुझ्या आईला पेटीपुढे बसवलं. एकेक नग धरायला लावला आणि काय दिसतं ते सांग म्हटलं. ती मला न दुखवता सांगू पाहत होती. रेघ आहे पण बारीक, म्हणाली. पुढच्या नगाला आणखी बारीक. मग तिने नग खाली ठेवला आणि मी पेटीचा दिवा मालवला.

त्यानंतर मोरीपाशी उभा असताना माझ्या डोक्यात उजेड पडला. तू धांदरट नव्हतीस. धुताना काही सटकत नव्हतं. रेघ दिसली की तू फोडत होतीस आणि माझी बोलणी खात होतीस. किती वर्षं, ते मी आईला विचारलं. ती म्हणाली, तिला पहिल्यापासून माहीत होतं, आणि मला चष्मा लागला त्याच्याही आधीपासून चाललं होतं.  

तू तेव्हाच सांगायला हवं होतंस. मी ऐकलं नसतं, हेही खरं.

भट्टी विझवली. गॅसची टाकी परत केली. पेटी तुझ्यासाठी बांधून ठेवली आहे, तिचे कोपरे मी पुन्हा चिकटवले, थोडे वाकडे झालेत.

मलाही नोकरी लागली, हे तुला सांगायचं राहिलं. व्यापाऱ्याच्या गोदामात काच बांधायची, पेंढा भरून खोक्यात. ते काम हाताने होतं, डोळे फारसे लागत नाहीत. तिथल्या पोराने माझी मुलाखत घेतली. शिक्षण विचारलं, मी आठवी सांगितलं. पूर्वीचा अनुभव विचारला. मी म्हटलं, काच बांधण्याचा नाही. तो म्हणाला, शिकाल हळूहळू. मी बरं म्हटलं. आयुष्यात एकदा म्हण म्हणाली होतीस, ते तिथे म्हणून झालं.

घरी यायचं नाही. आपण पूर्वीसारखं करू असं लिहिलंस, ते यापुढे लिहायचं नाही. ज्या टेबलाशी बसली आहेस तिथेच बसायचं आणि मान कुणाची आहे ते न बघता पेटीत बघायचं. त्या मुलीच्या बोटांचं काय झालं ते विचारून कळव. तिला भेटायला जायची माझी इच्छा आहे, तिच्या घरच्यांना चालणार असेल तर.

तुमचे साहेब परवा येऊन गेले. तुझ्या आईशी आदराने बोलले, माझ्या खुर्चीवर बसले नाहीत, स्टुलावर बसले. मी त्यांना एकच प्रश्न विचारला, की माल कुठल्या कॉलेजात जाणार. सरळ गृहस्थ आहेत. चहाचा कप खाली ठेवला आणि खरं सांगितलं. मी नकार दिला. तुझा राग येईल तो येऊ दे, पण माया आटू देऊ नकोस, ती मला लागते.

तुझा,
बाबा

ता. क. नेमकं काय नाकारलं ते तुला माहीत असावं. दर महिन्याला माझे साठ नग पूर्वीच्याच दराने घ्यायचे, तुझ्या टेबलावर आणायचे नाहीत, कुठेही विकायचे नाहीत, खोके न उघडता मागच्या गोदामात रचून ठेवायचे, आणि हे मला कधी कळू द्यायचं नाही. त्याचे मला महिना बावीस हजार.