जिन्यावरून पडले नव्हते

४ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. मागच्या पत्रातली एक चूक आधी दुरुस्त करते. मी शाळेच्या जिन्यावरून पडले नव्हते. सातवीतल्या भिंगरीने मला खुर्ची फेकून मारली. मनगटाची सूज उतरली आहे, वेणी घालता येते, काळजी नको.

शाळेच्या नोंदवहीतही मी ‘पाय घसरला’ असंच लिहिलं. पोर नंतर हमसून रडली, तिच्या नावापुढे हे कशाला, असं वाटलं. खरं तर हिला वर्ग सांभाळता येत नाही, असं कुणी म्हणेल ही भीतीही होती. आता सोळा तारखेपासून सातवीचा तो तास चित्रकलेच्या नव्या बाईंकडे जातोय. त्यांच्या जोडीला कुणीतरी द्या म्हणून मोठ्या बाईंकडे गेले, तर त्या म्हणाल्या, वहीत काहीच नाही, मग माणूस कशाच्या जोरावर मागू? काय करू?

तुझी भाची

७ सप्टेंबर

चि. शंकेखोरबाईस,
अनेक आशीर्वाद. तुझी पहिली शाळा म्हणजे माझं जेवणाचं टेबल, पटावर एकच विद्यार्थिनी. तिथला नियम विसरलीस? खोडरबर नाही. चुकीवर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर ते, आणि तारीख. काका म्हणायचे, पोरीला शिकवतेस की कारकून करतेस!

आणखी एक. सहा वर्षांची असताना तू मला पाटी फेकून मारलीस. कपाळावर हे टेंगूळ! कपाटाचं दार लागलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. पुढच्याच आठवड्यात तू शाईची दौत फेकलीस. भिंतीवरचा डाग अजून कपाटामागे आहे.

मनगट शेकत जा.

आत्या

१० सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. पाटी-दौतीचं इतकी वर्षं पोटात ठेवलंस! हसून पुरेवाट झाली.

खरं ते लिहिणार आहे, हे भिंगरीला आज आधीच सांगितलं. तासाला दुसरं माणूस मिळालं, तर राग चढू लागला की ते तुला बाहेर घेऊन बसेल, हेही सांगितलं. तिने विचारलं, खुर्ची नंतर मीच उचलून ठेवली, तेही लिहाल का? लिहीन म्हटलं.

वही मोठ्या बाईंच्या टेबलावर असते; त्यांच्यासमोरच रेघ मारून खरं लिहीन. रागावतील; रागावू देत. रेघ वाकडी जाऊ नये म्हणून पट्टी पिशवीत टाकली आहे. हसू नकोस.

लोभ आहेच, गुरुवारी, बारा तारखेला, पहिल्या घंटेच्या आधी तो जरा जास्तच असावा.