नव्या तिघी आणि माझं घड्याळ

९ नोव्हेंबर, रविवार

लागली एकदाची यादी! वाघिणींनी या हंगामाला तीन नव्या मुली घेतल्या. एक कोल्हापूरची, एक ओडिशाची आणि तिसरी आपल्याच जिल्ह्यातली, ईटची. प्रतीक्षा नाव.

बालाघाट वाघिणी हा आमचा संघ. त्यांना आमचा पत्तासुद्धा माहीत नाही, पण महिला खो-खो लीग सुरू झाल्यापासून आम्ही तिघांनी त्यांचा एक सामना सोडलेला नाही. मी, बलभीमकाका आणि द्वारकाबाई. सामने आमच्या गिरणीत बघायचे. संध्याकाळी सातला चक्की बंद करायची, टीव्हीवरचं पीठ पुसायचं आणि ज्वारीच्या पोत्यांवर बसायचं.

आज दळण कमी, चर्चा जास्त. काका तर डबा न घेताच आले. एसटीतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी दिसेल त्या माणसाला गाडीसारखं तपासतात. म्हणाले, "ताई, ईटची पोरगी वळणावर ब्रेक मारती. म्या बघितलंय तिला भूमला." द्वारकाबाईंनी तीस वर्षं मुलींच्या शाळेत शिपाई म्हणून मैदानावर चुन्याच्या फक्कीनं रेषा मारल्या. त्या फक्त पाय बघतात. "टाच टेकली की बाई संपली. ह्या पोरीची टाच टेकत न्हाय," म्हणाल्या.

ती जागा माझ्या लेकीची, शिवप्रियाची होती. सप्टेंबरात ही आणि प्रतीक्षा, दोघी एकाच दिवशी पुण्याला वाघिणींच्या निवड चाचणीला गेल्या. ती आत, आमची बाहेर. अकराव्या वर्षापासून पोरीनं एक सकाळ चुकवली नव्हती, आता विसाव्या वर्षी मैदानाचं नाव काढत नाही. बूट गिरणीतल्या खिळ्याला टांगलेत. पिठानं पांढरे झालेत.

वशिला, दुसरं काय! माझ्या वहीत तिची वेळ आहे, माझ्याच बटणाच्या घड्याळानं धरलेली. गेल्या जानेवारीत जिल्हा स्पर्धेत तीन मिनिटं दहा सेकंद पळाली, तोवर कुणाच्या हाताला लागली नाही. अशा मुलीला डोळे असणारा माणूस वगळतो का?

११ नोव्हेंबर, मंगळवार

ह्यांना विचारलं, नव्या तिघींपैकी कोण चालेल? "निकाल लागला की सांग," म्हणाले. कोर्टात कारकुनी केली की माणसाचं असं होतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

काकांनी मोबाईलवर तिघींच्या जुन्या सामन्यांचे तुकडे आणले. चार-चारदा बघितले. कोल्हापूरची खांबाजवळ छान सूर मारते, पण एकदा हुलकावणी बसली की गोंधळते. ओडिशाची वाऱ्यासारखी आहे, फक्त खो द्यायची घाई फार, फाउल करणार. काका म्हणाले, "ही स्टँडातून सुटायच्या आधीच घंटी मारती."

प्रतीक्षाबद्दल मी म्हटलं, खांदे वाकवून पळते, दम लवकर जाईल. द्वारकाबाईंनी माझ्याकडं नुसतं बघितलं. त्यांचं बघणं मला कधी आवडत नाही.

शिवप्रिया सकाळी गिरणीवर बसते हल्ली. डबे घेते, चिठ्ठ्या लावते. गिऱ्हाइकांशी बोलते, आमच्याशी नाही. "चाचणीचं काय झालं ते तरी सांग," म्हटलं तर, "झालं ते झालं, आई." एवढंच.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज चिठ्ठ्या झाल्या. ही आमची दरवर्षीची पद्धत. पहिल्या सामन्याआधी प्रत्येकानं नव्या मुलींना दहापैकी गुण द्यायचे, चिठ्ठी दुमडून दळणाच्या डब्यात टाकायची, झाकण कणकेनं लिंपायचं. हंगाम संपला की येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, काकांच्या बेंबळीच्या शेतात डबा फोडायचा. तिथं बसून खरे गुण ठरवायचे. ज्याचा अंदाज सगळ्यात लांब गेला, त्यानं बाकीच्यांना गुलाबजाम खाऊ घालायचे. चार वर्षांत मी एकदाही हरलेले नाही. माझी नजर आहेच तशी, उगीच विनय कशाला!

प्रतीक्षाला तीन दिले.

लिंपायचं काम शिवप्रियाला सांगितलं. डबा आत घेऊन गेली, लिंपून आणून दिला. डब्यावर गिऱ्हाइकाच्या डब्याला लावतात तशी नावाची चिठ्ठी चिकटवली होती — "वाघिणी. दळू नये." दोन महिन्यांत पहिल्यांदा हसू आलं मला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पहिला सामना. प्रतीक्षा एकतीस सेकंदांत बाद! घड्याळ माझ्या हातात होतं. बोलायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बोललेच, "घ्या, ही तुमची ईटची."

आतल्या खोलीतून शिवप्रियाचा आवाज आला. "घसरली ती. मॅट ओली होती."

म्हणजे कानात ती मोबाईलची बोंडं घालून बसते, आणि ऐकते सगळं. काका हळूच म्हणाले, "रेडिओ बंद न्हाय गाडीतला." मी सामना संपेपर्यंत टीव्हीचा आवाज वाढवून ठेवला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

दोन मिनिटं चाळीस सेकंद. प्रतीक्षाच. शेवटच्या तुकडीत एकटी उरली होती. समोरच्या नऊजणींनी घेरून घेरून पाहिलं, ही आपली बसलेल्या दोघींच्या मधून अशी निसटायची, जशी बाजाराच्या दिवशी गर्दीतून बाई पिशवी घेऊन निघते. काकांनी पोत्यावर उभं राहून टाळ्या वाजवल्या. वळणावर ब्रेक मारते म्हणणारे हेच!

मी टाळी वाजवली नाही. आता वाटतं, वाजवायला हवी होती.

२३ नोव्हेंबर, रविवार

अर्धा दिवस लाईट नाही. दळण तुंबलं. बरं झालं, कुणाशी बोलावं लागलं नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

आज एक गोष्ट झाली, ती लिहूनच टाकते.

प्रतीक्षा खेळत होती. तिला हात लागला तसं मी बटण दाबलं. दोन मिनिटं नऊ. टीव्हीवर आकडा आला, तोही दोन-नऊ. काका म्हणाले, "ताईंचं घड्याळ म्हणजे पंचाचं घड्याळ." मी जरा फुगले.

द्वारकाबाई शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दुसऱ्याच्या पोरीला बरुबर असतंय गं तुझं घड्याळ. आपली पळायली की तू डोळे मिटतीस."

"काहीतरीच," मी म्हटलं.

"काहीतरी कशाचं? शेजारी मीच बसते की. पोर पकडायच्या बेतात आली की तू गच्च डोळे मिटतीस, अंगठा तसाच बटनावर. मी कोपर मारल्यावर उघडतीस. तवर पोर बाकड्यावर जाऊन पाणी प्यायलेली असती."

काका हसले. मीही हसले. पण जेवण गेलं नाही.

१ डिसेंबर, सोमवार

तपासलं. शिवप्रियाच्या मैत्रिणीनं जानेवारीतल्या सामन्याचं शूटिंग केलं होतं, तिच्याकडून मागवलं. चक्की सुरू ठेवली म्हणजे आवाज बाहेर जाणार नाही, आणि कोपऱ्यात बसून घड्याळ लावलं. डोळे उघडे ठेवले. पोरगी माझीच, सामना होऊन गेलेला, बाद कधी होणार तेही ठाऊक, तरी पापण्या खाली येत होत्या. पापण्या बोटांनी वर धरून बघितलं म्हटलं तरी चालेल.

दोन मिनिटं सेहेचाळीस. वहीत तीन-दहा.

आणखी दोन सामने बघितले. एकात एकोणीस सेकंद जास्त, एकात एकतीस. म्हणजे नऊ वर्षं मी पोरीला फुकटचे सेकंद वाटत आले. गिरणीवर काट्यात कधी मुठीचा फरक पडू दिला नाही मी. आणि घरात हे! त्या तीन-दहाच्या भरवशावर ती पुण्याला गेली. मीच स्टँडवर सोडायला गेले होते. "तीन-दहावाली आहेस तू, घाबरतेस काय?" असं सगळ्या बसला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले होते. लाज वाटली. अजून वाटते.

३ डिसेंबर, बुधवार

सांगायचं ठरवलं. नाही सांगितलं.

६ डिसेंबर, शनिवार

सकाळी दोघीच होतो गिरणीत. म्हटलं, "शिवे, तुझ्या वेळेचं एक सांगायचं होतं." ती म्हणाली, "आधी हा डबा घे, बाजरी आहे, चक्की झाडून घ्यायला लागंल." चक्की झाडली. बाजरी घातली. मग तिघी बायका आल्या, मग चौथी. बोलणं राहिलं ते राहिलंच. खरं म्हणजे मला हायसं वाटलं. भित्री बाई मी!

वशिला, वशिला म्हणून तीन महिने गल्लीभर सांगत फिरले, तेही गिळावं लागणार आता.

१४ डिसेंबर, रविवार

शेवटचा सामना. जिंकलो तर तिसरा नंबर, हरलो तर हात हलवत घरी. शेवटची दोन मिनिटं काढायची होती आणि मैदानात उरली एकटी प्रतीक्षा. मी घड्याळ खाली ठेवलं. वेळ टीव्ही सांगतच होता, मला नुसतं बघायचं होतं. खांदे वाकवून पळते खरी, पण दम जात नाही. वाकते म्हणून तर हात डोक्यावरून जातात. पहिल्या दिवशी दिसायला हवं होतं हे मला. दिसलंही असेल. मीच बघितलं नाही.

काढली तिनं दोन मिनिटं! मी टाळ्या वाजवल्या, पोत्यावरून उठून. मागं वळले तर शिवप्रिया दारात उभी. कानात काही नव्हतं. माझ्याकडं बघून म्हणाली, "भारी पळाली." आणि आत गेली.

१९ डिसेंबर, शुक्रवार. येळवस

बेंबळीला काकांच्या शेतात. कडब्याची खोप, पांडवांची पूजा, मग भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील. मी तीन वाट्या आंबील प्याले, डबा फोडायचं लांबवत होते. शिवप्रिया आली नव्हती. "गिरणी बघते," म्हणाली होती.

काकांनी कणीक खरवडली, झाकण काढलं आणि मोजलं. "तीन मानसं, चार चिठ्ठ्या. ही बिनतिकिटाची कोण?"

आमच्या तिघांच्या वाचून झाल्या. प्रतीक्षाला काकांनी सहा दिलेले, द्वारकाबाईंनी आठ, मी तीन. खरे गुण नऊ ठरले, मीच ठरवले. गुलाबजाम माझ्याकडं.

मग काकांनी चौथी उघडली आणि मोठ्यानं वाचायला लागले. "कोल्हापूर सात, ओडिशा सात, प्रतीक्षा नऊ. शिवप्रिया सहा." पुढं वाचता वाचता थांबले. चष्मा काढला. "ताई, हे तुमीच वाचा."

अक्षर तिचंच. पंधरा नोव्हेंबरला, लिंपायच्या आधी टाकलेली. चिठ्ठी इथं चिकटवून ठेवतेय —

"पुण्यात माझी वेळ १ मि. ४० से. आली. वशिला नव्हता. घरचं घड्याळ उशिरा थांबतं, ते मला आधीपासून माहीत आहे. आईला सांगू नका. ती डोळे मिटते ते मला पळताना दिसतं. मग मला वाटतं आपण पडणार, आणि मी तिच्याकडंच बघत राहते."

रडले. लपवण्यासारखं काय त्यात? द्वारकाबाई म्हणाल्या, "रड गं, पर आंबील सांडू नको."

घरी आले तर ती गिरणी झाडत होती. मी वही काढली, तिच्यापुढं धरली, तीन-दहावर काट मारली आणि शेजारी दोन-सेहेचाळीस लिहिलं. तिनं झाडू भिंतीला लावला, वही हातात घेतली. मग म्हणाली, "दोन-चाळीस असंल, आई. शूटिंगमध्ये सुरुवातीला मी पळत नव्हते, बूट बांधत होते."

मी हसले. मग तीही. खिळ्यावरचे बूट काढून तिनं गिरणीच्या पायरीवर आपटले. पिठाचा हा एवढा ढग.

२० डिसेंबर, शनिवार

सकाळी सहा, स्टेडियम, मुलींचा सराव. कडक थंडी.

शिवप्रिया — १ मिनिट ५२ सेकंद.

डोळे उघडे होते.