आईच्या गळ्यातलं लिंग

हैदराबाद, गुरुवार संध्याकाळ

पोचलो एकदाचे. लातुरात नळाला पाणी येईना, म्हणून पाऊस पडेपर्यंत आईला धाकट्या भावाकडे आणलं. पण नांदेडचं विमानतळ काही डोक्यातून जात नाही.

आई तपासणीच्या चौकटीतून गेली आणि यंत्र वाजलं. आम्ही लिंगायत; तिच्या गळ्यातल्या इष्टलिंगाची चांदीची डबी. शेजारच्या रांगेतून मी घाईनं म्हणालो, "आई, काढून ठेव. नियम हाय."

आईनं डबीवर हात ठेवला. "दीक्षा झाल्यापासून अंगावरनं उतरवलं न्हाई. विमान जाऊ दे. मी लातूरला वापस जाते."

तिचा तो हात अजून दिसतो.

तपासणीवाल्या बाईंनी शांतपणे विचारलं, "आजी, पडद्याआड तुमच्या हातानं उघडून दाखवता का?"

"हाव, दाखवते की."

दोन मिनिटांत आई बाहेर आली. डबी गळ्यात तशीच होती.

घटनेतलं धर्मस्वातंत्र्य मी दरवर्षी वर्गात शिकवतो. आणि तो नियम? कधी वाचला होता मी? बाईंनी तर लिंग उतरवायला सांगितलंच नव्हतं. ते सांगणारा तिथं मी एकटाच होतो.